खाट फिरवायचे दिवस

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. घर सोडून दुसऱ्या गावी शिकायला या, ते आपोआप साचतात. खुर्चीवर टाकलेल्या कपड्यांसारखे. चार दिवसांनी बघावं तर खुर्चीच दिसत नाही! आता मी आणि माझी रूममेट भाग्यश्री थर्ड इयरला आहोत. नवीन ज्युनिअर्स आल्या की आमचं हे सुरू होतं. त्या हसतात, आम्हीही हसतो. घडत होतं तेव्हा मात्र दोघींपैकी एकही हसत नव्हती, एवढं आधीच सांगून ठेवते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीची. भाग्यश्री लातूरची. कॉलेज एक, वर्ग एक, आणि कोथरूडमधल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरची खोलीही एकच. मालकीणबाई म्हणजे देवधर काकू दुसऱ्या मजल्यावर, बरोब्बर आमच्या खाली. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या, एकट्या. बोलणं अगदी मोजकं.

* * *

पहिल्याच दिवशी काकूंनी माझी मुलाखत घेतली.

"मागच्या वर्षी एक मुलगी महिन्याभरात पळून गेली. तू टिकणार आहेस ना?"

मी घाईघाईने म्हटलं, "हो काकू! मी इथंच राहून राहिली."

आमच्याकडे सगळं असंच असतं. जेवून राहिली, जाऊन राहिली, झोपून राहिली. म्हणजे ते काम चालू आहे, बस. काकूंनी चष्मा नीट केला.

"राहून राहिलीस? एकदाच राहिलीस तरी पुरे."

त्यानंतर आठवडाभर मी काकूंशी फक्त मान हलवून बोलत होते!

* * *

मेसचा किस्सा दोन ओळींचा आहे. तिसऱ्या दिवशी धीर करून मेसवाल्या मावशींना विचारलं, "मावशी, तुम्ही भाजीत साखर घालता का हो?"

मावशी दुखावल्या. "छे! गूळ असतो."

* * *

भाग्यश्री बाहेरून एकदम शांत. टाइमटेबल भिंतीवर, पेनं रंगानुसार, केसाला तेल. मला वाटायचं, हिला काहीच होत नाही आणि आपणच तेवढ्या वेड्या. मी सतत काहीतरी करत असायचे. जिने चढ-उतर, गॅलरीत फेऱ्या, बॅग भरायची, बॅग रिकामी करायची. ती आपली जर्नल लिहीत बसलेली.

फक्त एक गोष्ट होती. रोज संध्याकाळी कॉलेजमधून आली की ती बाथरूममध्ये जायची, नळ पूर्ण सोडायची आणि वीस मिनिटांनी बाहेर यायची. बाहेर आल्यावर केस कोरडे! मी दोन आठवडे रोज बघत होते, पण डोक्यात काही शिरलं नाही.

एके दिवशी बेल वाजली. दारात काकू. माझ्याकडे न बघता त्या सरळ बाथरूमच्या दारापाशी गेल्या आणि टकटक केली.

"हे बघ, मनसोक्त रड. पण नळ बंद करून रड. टाकी सगळ्या सोसायटीची आहे."

आतला नळ बंद झाला. मग आतून खराखुरा, मोठ्ठा हुंदका! काकू म्हणाल्या, "हां, असं," आणि खाली निघून गेल्या.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की खोलीत आम्ही दोघी आहोत.

* * *

आता माझा नंबर. मला एका जागी बसवायचंच नाही. खाट खिडकीखाली ठेवली तर वाटायचं दाराशी बरी, दाराशी नेली तर वाटायचं भिंतीला डोकं हवं. दर दोन-तीन दिवसांनी मी एकटीच ती लोखंडी खाट ओढायचे. करकर, करकर! भाग्यश्री पाय वर घेऊन आपल्या खाटेवर बसून राहायची आणि वाचन चालू ठेवायची.

पाचव्यांदा की सहाव्यांदा खाट हलवली तेव्हा काकू वर आल्या. आता ओरडतील म्हणून मी उभीच राहिले. त्यांनी खाट बघितली, मग मला बघितलं.

"अगं, कुठल्याही दिशेला फिरवलीस तरी तिकडून वणी दिसायची नाही."

काकूंनी खाटेचं दुसरं टोक धरलं. "खिडकीखालीच ठेव. सकाळी ऊन येतं. उचल, ओढू नकोस."

* * *

वणीवरून आठवलं. पुण्यात मी कुणालाही "वणीची" सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "नाशिकची का?" कारण नाशिककडेही एक वणी आहे, गडाच्या पायथ्याची, आणि सगळ्यांना तीच ठाऊक. पहिले दहा दिवस मी समजावून सांगितलं. अकराव्या दिवशी वर्गातल्या ईशाने विचारलं आणि मी कंटाळून म्हटलं, "हो."

ईशा नाशिकची निघाली! "अगं, आपल्याकडची!" म्हणत तिने मला मिठीच मारली. त्या दिवसापासून ती माझ्यासाठी पहिल्या बेंचवर जागा धरायची, डब्यातलं अर्धं द्यायची, द्राक्षांबद्दल बोलायची. मी म्हणायचे, "हो ना, हो ना." खरं तर पहिल्यांदाच कुणीतरी "आपल्याकडची" म्हणत होतं. मला ते सोडवेना.

दिवाळीच्या आधी ईशा उड्या मारत आली. "बाबा गाडी घेऊन येतायत! नाशिकला काय उतरतेस, आम्ही तुला थेट वणीला दारात सोडतो. मी सांगितलंय त्यांना!"

माझ्या दारापासून कैक तासांच्या अंतरावर, गडाच्या पायथ्याशी, हातात बॅग घेऊन उभी असलेली मी मला दिसायला लागले. तिथेच सगळं कबूल करून टाकलं.

ईशा बघतच राहिली. "आणि द्राक्षं? दोन महिने तू मला आपल्या द्राक्षांबद्दल हो हो म्हणत होतीस!"

"आमच्याकडे कोळसा असतो," मी म्हटलं. "माझे बाबा खाणीच्या ऑफिसात आहेत."

ती चार दिवस बोलली नाही. दिवाळीनंतर आली ती डबा घेऊन. माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "घे, खोटारडे. लाडू आहेत. कोळशाचे नाहीत."

* * *

एका रविवारी भाग्यश्री मला कात्रजला प्राणी बघायला घेऊन गेली. तिच्या मते माझे पाय मोकळे व्हायला हवे होते. एका ठिकाणी बिबट्या होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा उलट, पुन्हा सुलट. थांबायचं नावच नाही. माझा पाय तिथून निघेना.

तिथल्या गार्डकाकांना विचारलं, "हा सारखा का फिरतोय?"

"नवीन आहे ताई. अजून रुळला नाही. दोन-तीन महिन्यांनी बसेल."

भाग्यश्री बिबट्याकडे बघत गंभीरपणे म्हणाली, "फर्स्ट सेम आहे बिचाऱ्याचं."

* * *

हा शेवटचा. हा मी ज्युनिअर्सना सांगत नाही, भाग्यश्री सांगते.

दिवाळीहून परत आल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. एका गुरुवारी दुपारी कॅन्टीनमध्ये मागच्या टेबलावर कुणीतरी फोनवर अगदी आमच्याकडचं बोलत होतं. एवढंच कारण. मी उठून पार्किंगमध्ये गेले आणि बाबांना फोन लावला.

"बाबा, मले घेऊन चला. मी नाही शिकत इथं."

बाबांनी काही विचारलं नाही. "बरं. शनिवारी येतो."

शनिवारी सकाळी ते ट्रॅव्हल्सने आले. हातात घरातली सगळ्यात मोठी बॅग, पूर्ण रिकामी. "आईनं दिली," म्हणाले. भाग्यश्रीने त्यांना पाणी दिलं आणि बॅगेकडे पाठ करून बसली. माझं एकटीचं सबमिशन राहिलं होतं, त्या दिवशी शेवटची तारीख. मी म्हटलं, "बाबा, जर्नल देऊन येते, मग निघू." काकू बाबांना म्हणाल्या, "आपण तोवर जरा फिरून या. कोथरूड बघा."

तीन वाजता, मी कॉलेजमधून निघत होते, तेव्हा बाबांचा फोन. "रस्ता चुकलो वाटते."

"समोर काय दिसतंय?"

"क्लासचा बोर्ड आहे."

"बाबा, क्लासचे बोर्ड इथे सगळीकडेच आहेत! दुधाची डेअरी दिसते का? निळं शटर? मग तुम्ही डेपोच्या बाजूला गेलात. उलटे फिरा. तिसऱ्या गल्लीत आपला किराणावाला आहे, तिथून डावीकडे वळलं की आलंच घर."

"आपला किराणावाला?"

"हो, आपला!"

"बरं," बाबा म्हणाले.

मी खोलीवर आले. दोन ड्रेस बॅगेत ठेवले, बाहेर काढले, पुन्हा ठेवले. भाग्यश्री भिंतीकडे तोंड करून वाचत होती. पुस्तकाचं पान काही उलटत नव्हतं. सोमवारी प्रॅक्टिकल होतं आणि लॅबमध्ये आमची दोघींची जोडी. "तू काय करशील सोमवारी?" मी विचारलं. ती म्हणाली, "एकटी करेन. त्यात काय!" पण आवाज नळ सोडल्यावरचा होता.

मी ड्रेस काढले, बॅगेची चेन लावली आणि खाली गेले. बाबा काकूंच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. काकू चहा गाळत होत्या. जिन्यात पाठ केलेली वाक्यं सगळी विसरले.

"बाबा, सोमवारी प्रॅक्टिकल आहे. मी... मी सेमिस्टर संपल्यावरच येते. तुम्ही एवढ्या लांब आलात, मला कळतंय. पण आज नाही येत. माझं तिकीट कॅन्सल होईल ना?"

काकूंच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

बाबांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली.

"कोणतं तिकीट?"