रॉटरडॅमला गेलेला रिडीम

डेन्झिलला गल्लीत डेन्झिल म्हणून कुणी ओळखत नाही. सगळे त्याला फ्यूज म्हणतात. दहा वर्षांचा असताना त्याने शेजाऱ्याचा रेडिओ दुरुस्त करायला घेतला आणि अर्ध्या ओल्ड हार्बर बे गावाची वीज घालवली, तेव्हापासून. जमैकात एकदा नाव चिकटलं की ते माणसाबरोबर थडग्यातच जातं. आता फ्यूज एकेचाळीस वर्षांचा आहे, आणि आठ वर्षं झाली, खिडकीपाशी बसून तो रिडीम विकतो.

गाण्यातला गळा काढून घेतला की खाली जे उरतं, ढोल, बास, मधूनच छेडलेली गिटार, त्याला तिथे रिडीम म्हणतात. फ्यूज रोज एक बनवतो आणि दुपारी बाराच्या आत इंटरनेटवरच्या आपल्या दुकानात टाकतो. दुकानात दोन तऱ्हा आहेत. भाड्याने घ्यायचा तर स्वस्त, तो कितीही जणांना देता येतो. एकट्याने कायमचा घ्यायचा तर महाग, मग तो दुकानातून उतरवायचा आणि पुन्हा कुणाला द्यायचा नाही. असे अडीच हजारांच्या वर रिडीम त्याने आजवर केले. घेणारे कोण? कुणी पोलंडचा, कुणी चिलीचा, कुणी ओहायोचा. त्यांचा ना चेहरा ना आवाज. ते घेतात, पैसे येतात, वीज आणि तांदूळ भागतात. त्या रिडीमवर पुढे कोण काय गायलं हे फ्यूजला कधी कळलं नाही. पहिल्या वर्षी तो शोधायचा. नंतर त्याने शोधणं सोडलं, आणि सोडलं हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

त्याची आई गेली त्या दिवशीसुद्धा त्याने बाराच्या आत रिडीम टाकला. गल्लीने तोंडात बोटं घातली. पण तो काही दगडाच्या काळजाचा नव्हता. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही, तसं त्याचं झालं होतं. तिथल्या रीतीप्रमाणे नऊ रात्री दारात माणसं गात होती, कॉफी आणि तळलेले मासे फिरत होते, आणि हा खुर्चीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला मान हलवत होता. रडायला हवं हे त्याला कळत होतं, पण रडू येत नव्हतं.

त्याच्या खिडकीसमोर, गल्लीच्या पलीकडे, मिस मर्लीनचा माशांचा ठेला. ही बाई एकावन्न वर्षांची. हात रखवालदाराचे, जीभ वकिलाची. सकाळी होड्या लागल्या की ती टोपलं भरून आणते आणि दुपारपर्यंत खवले काढत बसते. फ्यूजच्या खिडकीतून जे वाजेल ते तिच्या कानावर आदळतंच. मार्चमध्ये त्याने एक रिडीम केला, संथ, बास जरा जडावलेला. रोजचा टाकून झाला की दोन-तीन दिवस तो त्याच्यावरच घासत होता. चौथ्या दिवशी पलीकडून आवाज आला.

गिऱ्हाईक मासा उचलतं, कल्ला उघडून बघतं, डोळा बघतं, नाक मुरडतं आणि भाव पाडतं. मिस मर्लीन त्यावरच गात होती. माशाचा डोळा बघतोस, माझा बघ. रोज बाजारात मीपण येते, ताजी आहे का विचार. तीस वर्षांत एकाने विचारलं नाही.

फ्यूजने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मिस मर्लीन, हे कुणाचं गाणं?"

"माझं! का रे, माझ्या तोंडाला कुलूप आहे का?"

"आत या ना. घेऊ या आवाज."

"हातांना वास आहे माशांचा."

"माईकला नाक नसतं, मिस मर्लीन."

ती आली, एप्रनसकट. दोनदा गायली. दुसऱ्यांदा गाताना तिने डोळे मिटले आणि फ्यूजने हेडफोन काढून ठेवले. आठ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या रिडीमवर कुणीतरी त्याच्यासमोर गात होतं. त्याला बरं वाटलं असावं. खात्री नाही, कारण बरं वाटण्याची त्याची सवय मोडली होती. पण त्या दिवशी बारा वाजून गेले आणि दुकानात नवा रिडीम गेला नाही, एवढं खरं.

स्पॅनिश टाउनच्या मिनीबसवर वेन्टन नावाचा कंडक्टर होता, मिस मर्लीनचा भाचा. त्याने ते गाणं इंटरनेटवर चढवलं आणि दिवसाकाठी आठ फेऱ्यांत आठ वेळा बसमध्ये वाजवलं. मे महिन्यापर्यंत दुसऱ्या बसवाले वाजवू लागले. मग रेडिओवरच्या सकाळच्या कार्यक्रमात एका बाईने फोन करून ते मागितलं. स्पॅनिश टाउनच्या स्वातंत्र्यदिनाच्या जलशात, सहा ऑगस्टला, मिस मर्लीनने गावं असा निरोप आला. जलसावाल्यांनी इंटरनेटवरूनच ऐकलं होतं. तीस वर्षं जी बाई फक्त मासेवाली होती, तिला आता रस्त्यात अनोळखी माणसं हाक मारू लागली, "मर्लीनबाई, माझा डोळा बघा!" ती शिव्या घालायची आणि लाजायची, दोन्ही एकदम.

जूनमध्ये रॉटरडॅमच्या एका माणसाने तोच रिडीम दुकानात ऐकून कायमचा विकत मागितला.

आता इथे फ्यूजची चूक झाली, आणि ती चूक फक्त तिथलाच माणूस करू शकतो. दुकानाच्या फॉर्मवर प्रश्न होता: हा आधी कुणाला दिला आहे का? फ्यूजने 'नाही' वर खूण केली. खोटं बोलायचा त्याचा विचार नव्हता. त्या देशात एक रिडीम आणि वीस गळे ही जुनी रीत. आज एक गायला, उद्या दुसरा, त्याच रिडीमवर, आणि लोकांना त्यातच मजा. शेजारणीला गाऊ दिलं याला 'देणं' म्हणत नाहीत. भिंतीवरून वाटीभर मीठ दिलं तर दुकान चालवलं असं कुणी म्हणतं का? मिस मर्लीन त्याच्या मनात गिऱ्हाईक म्हणून आलीच नाही. त्याने खूण केली आणि पैसे आले. आई गेल्याला वर्ष होत आलं होतं, कबर अजून मातीचीच होती. लोक बोलत होते. त्याने गवंडी बोलावला, सिमेंट घातलं, वर पांढऱ्या टाइल्स बसवल्या. गल्लीला समाधान झालं.

जुलैच्या एका बुधवारी मिस मर्लीन खिडकीशी आली. फोन तिने खवल्यांच्या हाताने धरला होता.

"फ्यूज, माझं गाणं गेलं रे. इथे होतं, आता नुसता काळा चौकोन. वेन्टन म्हणतो, कुणीतरी तक्रार केली म्हणे, ते त्यांचं आहे. त्यांचं कसं? त्यांच्या बापाने मासे विकले होते?"

फ्यूजला त्याच क्षणी कळलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. "बघतो," एवढंच म्हणाला.

त्याने रॉटरडॅमला पत्र लिहिलं. माझी चूक झाली, ही शेजारीण आहे, तिने आधीच गायलं होतं, तिचं राहू द्या. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, अगदी गोड भाषेत. बाईंचा आवाज सुंदर आहे. पण आम्ही एकट्याने घेतला आहे. पैसे परत करणार असाल तर बोलू. पैसे तर आईच्या छातीवर चार इंच जाड होऊन बसले होते. हात बांधले गेले म्हणतात ते असं.

शुक्रवारी दुपारी तो रस्ता ओलांडून ठेल्यावर गेला. मिस मर्लीन एका लाल माशाचं पोट फाडत होती. त्याने सगळं सांगितलं, आईच्या टाइल्ससकट. आडपडदा ठेवला नाही.

तिने सुरी खाली ठेवली. "तू विकलंस."

"हो."

"कुणाला?"

"रॉटरडॅमचा आहे कुणी."

"त्याने गायलं त्याच्यावर?"

"माहीत नाही. अजून तर नाही."

"मग काय केलं त्याने घेऊन?"

"ठेवला असेल. ठेवतात घेऊन."

"आणि बाकीचे तुझे? ते दोन-अडीच हजार? त्यांच्यावर कोण काय गायलं?"

"माहीत नाही, मिस मर्लीन."

"अरे, मी मासा विकते ना, तर मला ठाऊक असतं कुणाच्या कढईत गेला. मीठ जास्त पडलं तर दुसऱ्या दिवशी येऊन माझ्याशीच भांडतात. तुला आठ वर्षांत भांडायलासुद्धा कुणी आलं नाही?"

खरं तर फ्यूजला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. लोक विचारायचे ते एकच, परवडतं का.

"मी नवा करून देतो," तो म्हणाला. "रविवारपर्यंत. फक्त तुमच्यासाठी. जलशाला अजून दोन आठवडे आहेत."

"कर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. दमलेली होती.

त्याने केला. शनिवारी दिवसभर बसला, दुकानात काही टाकलं नाही. रविवारी चर्चमधून ती थेट आली, डोक्यावर टोपी तशीच. वेन्टन दाराला टेकून उभा राहिला. ती गायली, थांबली, परत गायली. तिसऱ्यांदा अर्ध्यातच तिने हात वर केला.

"काय झालं?" फ्यूजने विचारलं.

"छान आहे रे. पण हा कुणालाही होईल."

"म्हणजे?"

"म्हणजे फाटकातून कुणीही यावं आणि घालून जावं, असा आहे. त्या पहिल्याचं तसं नव्हतं."

वेन्टनच्या तोंडाला लगाम कधीच नव्हता. "आंटी, त्याच्या बोटांना सवय लागलीये. ओहायोच्या मापाचं शिवतो तो."

"गप रे तू," ती म्हणाली, पण खोटं आहे असं म्हणाली नाही.

फ्यूजने तो रिडीम पुन्हा एकट्याने ऐकला. ती बरोबर होती. त्याने तिच्यासाठी बसून, तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणून केला होता, आणि तरी तो अनोळखी माणसासाठी झाला होता. सगळीकडे मोकळी जागा, कुणाचाही गळा मावेल अशी. आठ वर्षांत त्याने हेच शिकून घेतलं होतं.

मंगळवारी वेन्टन मावशीला चर्च पेन नावाच्या गावी घेऊन गेला. तिथे बॅगा नावाच्या म्हाताऱ्याचा स्टुडिओ आहे, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी. बॅगाकडे एक जुना रिडीम होता, त्याच्यावर आधीच नऊ जण गाऊन गेले होते. मिस मर्लीन दहावी. तेच शब्द, तोच डोळा, वेगळा ढोल. दोन दिवसांत ते बसमध्ये वाजू लागलं, आणि मागचं कुणाला आठवेना. उलट लोक म्हणत, हे जास्त झणझणीत आहे. सहा ऑगस्टला ती स्पॅनिश टाउनला गायली आणि लोकांनी तिला परत परत गायला लावलं. फ्यूज गेला होता, मागे उभा होता. माणसं नाचत होती. गाणं वाचलं म्हणून तो टाळ्या वाजवत होता, आणि टाळ्या वाजवताना त्याला कळत होतं की त्या गाण्यात आता त्याचं काही नाही. ढोलाचा एक ठोकासुद्धा नाही. रॉटरडॅमच्या माणसाने तो रिडीम अजून बाहेर काढला नव्हता, आणि पुढे कधी काढला तरी फ्यूजला कुणी सांगणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठेल्यावर गेला. एक स्नॅपर मासा मागितला.

"काल छान झालं, मिस मर्लीन."

"हो ना? घसा बसलाय बघ." ती हसली. मनापासून हसली, काही धरून ठेवलेलं नव्हतं. तिने टोपल्यातून मासा उचलला, त्याला दाखवला. "ताजा आहे. डोळा बघ."

"बघायला कशाला हवं."

"बघ बाबा. गिऱ्हाईकाने बघावं."

शेजाऱ्यांना, गल्लीतल्या माणसांना मिस मर्लीन मासा हाताने देते. हाच घे, म्हणते, आणि मिळेल ते एप्रनच्या खिशात टाकते, कधी काहीच नाही. तराजू बाहेरच्यांसाठी, बसमधून उतरून येणाऱ्यांसाठी. त्या सकाळी तिने फ्यूजचा स्नॅपर तराजूत टाकला आणि काटा स्थिर होईपर्यंत वाट बघितली.

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिचा हातच तसा गेला. तेव्हा कुठे त्याला दुखलं.