अक्षय बघत होता तो मासा

रत्नागिरीहून मी पहाटे निघाले. पिशवीत अक्षयची वही होती. अंदमानच्या प्रवाळांवर आम्ही दोघं माशांच्या नोंदी घ्यायचो. गेल्या हिवाळ्यात तो तिथंच बुडाला. वही राजुरीला त्याच्या आईवडिलांना द्यायची होती, आणि एक गोष्ट सांगायची होती.

मंचर गेलं, नारायणगावला एसटी सोडली, पुढे आळेफाट्यावरून जीप. उसाच्या कडेला खुरपणाऱ्या बाईंना घर विचारलं.

"मेंढरंवाल्यांचं ना? ती मेंढरांभवतीची वाघुरीची जाळी दिसतीय, तितंच."

अक्षयच्या आईने, काकूंनी, मासवडी केली होती. बेसनाची, आत तीळखोबऱ्याचं सारण. मासा फक्त नावाला. जेवण होईपर्यंत अक्षयचा विषय कुणी काढला नाही. मग त्याचे वडील तात्या म्हणाले, "त्यो पाण्यात नेमकं काय बघत व्हता?"

मी वहीतलं चित्र दाखवलं. बोटाएवढा गोबी मासा. वाळूतल्या बिळात तो एका झिंग्याबरोबर राहतो. झिंग्याला फार कमी दिसतं. दिवसभर तो बीळ उकरून वाळू बाहेर ढकलतो. मासा दारात पहारा देतो. बाहेर असताना झिंगा आपली लांब मिशी माशाला टेकवून ठेवतो. धोका दिसला की मासा शेपूट थरथरवतो, आणि दोघंही आत.

"आन मासा गेला तर?" काकूंनी विचारलं.

"झिंगा फारसा बाहेर येत नाही. बीळ बुजत जातं. दुसरा मासा आला, तर झिंगा पुन्हा उकरायला लागतो."

काकू चित्रावरून बोट फिरवत राहिल्या. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

"तात्या, त्या दिवशी होडीवर मी होते. त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम माझं. मी लिहीत बसले. त्याच्या श्वासाचे बुडबुडे वर यायचे थांबलेले मला उशिरा दिसले."

तात्या उठून मेंढरांकडे गेले.

"फोनवर का नाय सांगितलं?" काकू म्हणाल्या.

"धीर झाला नाही."

त्यांनी ताटं उचलली.

निघताना तात्या रस्त्यापर्यंत आले. जीप दिसल्यावर म्हणाले, "तुमी आता पाण्यात जाता का?"

"नाही. तेव्हापासून नाही."

"मग त्याचं ऱ्हायलेलं कोण बगतंय?"

मी जीपला हात केला.

"जावा तुमी पाण्यात. पण वर बसल त्या माणसाला दुसरं काय बी काम सांगू नका."

परतीच्या वाटेवर मी बराच विचार केला. त्यांनी मला माफ केलं, असं मी समजत नाही. मी माफी मागितलीही नव्हती. घरी पोचल्यावर अंदमानला फोन लावला. म्हटलं, मी येतेय, आणि होडीवर एक माणूस नुसतं बघायला लागेल.