बोट सुटेपर्यंत ब्वेनोस आयर्स

आईचा फोन आला तेव्हा मी क्रॉयडनच्या ट्राममध्ये एका हाताने दांडा धरून उभी होते. आई स्लाऊहून बोलत होती. फोनवर ती नेहमीच इतक्या मोठ्यानं बोलते की फोन नसता तरी मला ऐकू आलं असतं.

"तुझं स्पॅनिश कुठवर आलंय?"

"का गं?"

"आम्ही क्रूझ बुक केलीय. दक्षिण अमेरिका! पार खालच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला. पण बोट ब्वेनोस आयर्सहून सुटते, आणि मावशी म्हणते एवढं लांब जायचं तर चार दिवस आधी जाऊन गाव बघू. तिथे बोलायला कोण? तू."

माझं स्पॅनिश म्हणजे कौन्सिलच्या इव्हनिंग क्लासमधलं एक वर्ष. मला पाणी मागता येत होतं, स्टेशन कुठे आहे ते विचारता येत होतं आणि माझ्या काल्पनिक भावाच्या डोळ्यांचा रंग सांगता येत होता. पण आईनं 'आम्ही' म्हटलं की विषय संपतो. 'आम्ही' म्हणजे आई आणि मावशी.

मावशी सख्खी नव्हे. दोघी साठच्या दशकात नर्सिंगसाठी लंडनला आल्या, आई साताऱ्याहून आणि मावशी भायखळ्याहून. पहिल्याच आठवड्यात आई हॉस्टेलच्या कॅन्टीनमध्ये रांगेत उभी होती, रडवेली, तेवढ्यात मागून कुणीतरी पुटपुटलं, "अगं बाई, हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?" आईनं गर्रकन वळून पाहिलं. मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू असतात त्यांच्यातली. आई शाकाहारी आणि मावशी कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्याचे नियम, पाळणारी, त्यामुळे दोघींच्या ताटात रोज तेच, उकडलेले बटाटे आणि मटार. त्या बटाट्यांवर उभी राहिलेली मैत्री चाळीस वर्षं टिकली. लग्नं झाली, आम्ही मुलं झालो, दोघींचे नवरे गेले. मावशी उत्तर लंडनमध्ये राहते. तिच्या मुलांना मराठी समजतं पण ती उत्तर इंग्लिशमध्ये देतात, म्हणून मनमुराद मराठी बोलायचं झालं की ती आईला फोन करते.

"आमच्या लोकांचा जहाजाचा अनुभव काही फारसा चांगला नाही हं," मावशी मला म्हणाली. तिचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले असं त्यांच्यात मानतात. "तरी मी निघालेय. तुला साधी लीव्ह घेता येत नाही?"

घेतली.

२००८ सालचा नोव्हेंबर होता. हीथ्रोला आम्ही कोट-स्वेटरांत चढलो आणि ब्वेनोस आयर्सला उतरलो तर तिथे वसंत संपत आलेला. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना नीलमोहर असा फुलला होता की फुटपाथसुद्धा जांभळे. मावशी टॅक्सीतून मान बाहेर काढून बघत राहिली. आई मात्र ड्रायव्हरचं बोलणं कान देऊन ऐकत होती.

"काय म्हणतोय?" तिनं मला विचारलं.

मला एक शब्द कळला नव्हता. माझी टीचर स्पेनची. जिथे ती 'य' म्हणायची तिथे ही माणसं चक्क 'श' म्हणतात, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. हे कळलं ते दुपारी जेवताना. वेटरनं पदार्थांची यादी घडाघडा म्हणून दाखवली, त्यात एक शब्द आला, 'पोशो'.

"पोहे म्हणाला का?" आईचे डोळे चमकले.

"पोहे कुठले इथे! पण बीफ नक्की नाही," मी अगदी आत्मविश्वासानं म्हणाले. "बीफचा शब्द मला माहितेय."

'पोशो' आलं. ती अर्धी कोंबडी होती. मी 'पोयो' म्हणून शिकले होते तीच. आईनं प्लेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"क्लासची फी परत माग," ती म्हणाली.

कोंबडी मी खाल्ली. दोघींनी चाळीस वर्षांच्या सवयीनं बटाटे मागवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहर बघायला निघालो तर नवीनच अडचण. तिथल्या बसमध्ये फक्त नाणी चालत, आणि नाणी कुणापाशीच नसत. असली तरी कुणी देत नसे. दुकानदार नोट घ्यायचे आणि सुट्ट्यांऐवजी हातावर टॉफ्या ठेवायचे. मावशी खूश. "लहानपणी भायखळ्याचा वाणी अस्संच करायचा!" म्हणाली. तिची पर्स टॉफ्यांनी भरली, पण बस काही टॉफ्यांवर चालेना. मग आम्ही पायीच फिरलो. एका अर्थी बरंच झालं. एक तरुण पंधरावीस कुत्री एकदम फिरवायला नेत होता आणि सगळी कुत्री शाळेच्या रांगेसारखी शिस्तीत चालत होती, ते बसमधून दिसलं नसतं. कबरस्तानात संगमरवरी घरंच्या घरं होती, त्यांना दारं आणि खिडक्या, आणि पायऱ्यांवर गलेलठ्ठ मांजरं. "स्लाऊमध्ये जिवंत माणसांना एवढी जागा मिळत नाही," आई म्हणाली.

दुपारी पाय बोलायला लागले तेव्हा एका पिझ्झाच्या दुकानात शिरलो. लोक काउंटरशी उभ्याउभ्याच खात होते, आणि पिझ्झावर प्रत्येकजण एक पिवळा, जाडसर त्रिकोण ठेवत होता. आईनं बोटानं दाखवून एक मागवला. एक घास घेतला आणि थबकली.

"अगं, हे बेसनाचं धिरडं आहे!"

मावशीनं चाखलं. "धिरडंच! कांदा-कोथिंबीर राहिली फक्त."

खरंच बेसनाचं होतं. इटलीहून आलेल्या लोकांनी आणलेला पदार्थ, फाइना म्हणतात. आईनं पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची बाटली काढली आणि वर भुरभुरवली. काउंटरमागचा माणूस बघतच राहिला. आईनं त्याच्याही तुकड्यावर घातली. त्यानं खाल्लं, तो लाल झाला, पाणी प्यायला, आणि आणखी मागितली. माझं स्पॅनिश लागलंच नाही. त्या दिवसापासून आईची त्या शहराविरुद्ध काहीच तक्रार राहिली नाही.

तो शुक्रवार होता. हॉटेलवर परतल्यावर मावशी म्हणाली, "संध्याकाळी मी सिनेगॉगला जाऊन येते. इथे आमचे लोक पुष्कळ आहेत म्हणे. तुम्ही आराम करा."

"आम्हीही येणार," आई म्हणाली. चप्पल काढायच्या आधीच.

सिनेगॉगच्या दारावर पहारा कडक होता. पूर्वी त्या शहरात या लोकांवर मोठा हल्ला झाला होता, त्यामुळे अनोळखी माणसाला सहज आत सोडत नसत. दारावरच्या तरुणानं आमचे पासपोर्ट घेतले. मग मावशीकडे नीट पाहिलं. मोतिया रंगाची साडी, अंबाडा, हातात काठी.

"ही बाई ज्यू आहे?" त्यानं मला विचारलं. तो सावकाश बोलत होता, त्यामुळे मला कळलं.

"हो. भारतातली."

"भारतात ज्यू असतात?"

मी भाषांतर केलं. करायला नको होतं. मावशीनं काठी फुटपाथवर आपटली.

"त्याला सांग, दोन हजार वर्षं झाली आम्हाला! तेव्हा याच्या या शहराच्या जागी नुसतं गवत होतं म्हणावं!"

"गवताला काय म्हणतात मला येत नाही गं," मी म्हणाले.

तो बिचारा सभ्य होता. त्यानं सणांची नावं विचारली, मावशीनं धडाधड सांगितली. पण तिचे उच्चार कोकणातले, त्याला निम्मे कळेनात. मागे रांग वाढत होती. मावशीच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू ओसरला आणि त्या जागी जे आलं ते मला बघवेना. सत्तरीला टेकलेली बाई, आपण जे आहोत ते आहोत हे रस्त्यावर उभं राहून एका पोराला पटवून देत होती.

"चल, जाऊ या," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात रांगेतून एक बुटकी, पांढऱ्या केसांची बाई पुढे आली. तिनं त्या मुलाला काहीतरी झापलं, मावशीच्या दंडात हात घातला आणि मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "शी इज विथ मी." आणि आईकडे नि माझ्याकडे बघून, "ऑल धिस इज विथ मी."

आम्ही सगळ्याच आत गेलो.

बायका वर गॅलरीत बसल्या होत्या. काहींनी डोक्यावर जाळीचे रुमाल घेतले होते. आईनं आणि मावशीनं पदर घेतला, मला मावशीनं आपला स्कार्फ दिला. प्रार्थना सुरू झाली. मावशीला शब्द सगळे येत होते, पण चाल वेगळी होती. ती मागे पडायची, धावत गाठायची, पुन्हा मागे पडायची. शेवटी नुसते ओठ हलवत बसली.

बाहेर पडल्यावर त्या बाईनं आम्हाला सोडलंच नाही. ती एकटीच राहायची, आयुष्यभर पियानो शिकवलेला, मुलगा दुसऱ्या देशात. घर दोन गल्ल्या पलीकडे, चौथ्या मजल्यावर. शुक्रवारी सूर्यास्तानंतर शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस सुरू होतो, म्हणून ती लिफ्ट वापरत नसे. "तुम्ही लिफ्टनं या," तिनं खुणेनं सांगितलं. मावशीचा गुडघा दुखत होता, तरी ती म्हणाली, "मीही चढणार." मावशी चढणार म्हणून आईही चढणार. मग मी एकटी लिफ्टनं जाऊन करू काय? प्रत्येक मजल्यावर थांबत, धापा टाकत, एकमेकींना हसत आम्ही चौघी वर पोचलो.

जेवायला 'पोशो' होतं. या वेळी मी ओळखलं. आईसाठी बटाटे निघाले, तेव्हा ती आणि मावशी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की यजमानीणबाईंना वाटलं काही चुकलं. मी जमेल तसं हॉस्टेलच्या कॅन्टीनची गोष्ट सांगितली. क्रियापदांचे काळ सगळे चुकले, पण गोष्ट पोचली.

जेवणानंतर यजमानीणबाईंनी मावशीच्या हातावर हात ठेवला. "ते शब्बाथच्या स्वागताचं गाणं, तुमच्याकडे कसं म्हणतात? मला तुमची चाल ऐकायची आहे."

मावशी लाजली. मग डोळे मिटून तिनं सुरुवात केली. ती चाल मी पहिल्यांदाच ऐकत होते. शब्द हिब्रू, पण वळणं आपल्या देवळातल्या आरतीनंतर म्हणतात तसल्या एखाद्या जुन्या पदाची. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याच्या सुरुवातीला मावशीचा आवाज कापला आणि थांबला.

आणि पुढची ओळ आईनं उचलली.

माझ्या आईनं! साताऱ्याच्या, दर गुरुवारी दत्ताला फुलं वाहणाऱ्या माझ्या आईनं ते हिब्रू गाणं न अडखळता, अगदी बरोब्बर त्याच चालीत पुढे नेलं. मावशीनं डोळे उघडले नाहीत, ती फक्त तिच्या आवाजात मिसळली. दोघींनी शेवटपर्यंत म्हटलं. यजमानीणबाई टेबलावर बोटं ठेवून बसल्या होत्या, पियानोवर ठेवावीत तशी, पण वाजवत नव्हत्या. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

परतताना मी आईला विचारलं, "तुला हे कधीपासून येतं?"

"हॉस्टेलपासून. दर शुक्रवारी ही खोलीत एकटीच मेणबत्त्या लावून म्हणत बसायची. एकटीनं काय म्हणायचं गाणं? मग मी जाऊन बसायला लागले. आपोआप पाठ झालं."

"अर्थ माहितेय?"

"नाही बाई. विचारलाच नाही कधी."

"मी सांगितलाच नाही," मावशी म्हणाली. "तिला चाल आवडायची. म्हटलं, पुरे."

इतक्या वर्षांत आई मला पाठ झालीय असं मी समजत होते.

रविवारी सकाळी पियानोबाई हॉटेलच्या दारात हजर. हातात एक पुरुषाचा जाड लोकरी मोजा, आणि तो नाण्यांनी गच्च भरलेला. कित्येक महिने जमवलेली पुंजी होती ती. "आज बस!" त्या म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही शहरातल्या मिळेल त्या बसमध्ये बसलो. नदीकाठी गेलो, जिथे नदी इतकी रुंद की पलीकडचा काठ दिसतच नाही आणि पाणी चहासारखं तपकिरी. रंगीत पत्र्यांच्या घरांच्या वस्तीत गेलो. एका बागेत बसून पियानोबाईंनी भोपळ्याच्या वाटीतला कडू काढा सगळ्यांना एकाच नळीनं प्यायला लावला. आईला उष्ट्याचं इतकं वावडं, की माझ्या ग्लासातलं पाणीही ती पीत नाही. तिनं वाटी घेतली आणि प्यायली. मावशी माझ्याकडे बघून भुवया उडवत राहिली.

संध्याकाळी बसस्टॉपवर निरोप घेतला. पियानोबाईंनी मावशीला ती चाल पुन्हा एकदा गुणगुणायला लावली, स्वतः मागोमाग गुणगुणल्या, एका जागी चुकल्या. आईनं दुरुस्त केलं. मग बस आली आणि त्या चढल्या, आणि खिडकीतून हात हलवताना त्यांचे ओठ अजून हलत होते.

सोमवारी दुपारी आम्ही बोटीवर. केबिन तिघींत एक, दोन पलंग आणि भिंतीतून खाली उघडणारा एक बंक. "वर मी झोपणार," आई म्हणाली, आणि मी नाही म्हणेपर्यंत शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होती. तिला उतरवायला मावशीला नर्सचा आवाज काढावा लागला.

भोंगा वाजला तेव्हा तिघी डेकवर कठड्याशी उभ्या होतो. धक्का हळूहळू मागे सरकू लागला. वाऱ्यानं दोघींचे पदर फडफडत होते.

"आई, मला न सांगितलेलं आणखी काय काय येतं तुला?" मी विचारलं.

तिनं जरा विचार केला.

"तू विचारून बघ ना एकेक," ती म्हणाली. "पंधरा दिवस आहेत. आधी बघ जा, चहा कुठे मिळतो ते."