यंदा सुमनच्या आंब्यात साका नाही

मित्रांनो, आज सकाळी कामोठ्याच्या घरी एक आंबा कापला, तेव्हापासून मन भरून आलंय.

आमची गावची बाग माझी धाकटी बहीण सुमन बघते. गेल्या वर्षी फळ मोठं व्हावं म्हणून तिने युरिया जास्त घातला. आंबे भरदार दिसले, पण अढीत, म्हणजे गवतात पिकायला ठेवल्यावर, लवकर मऊ पडले. कापले तर कितीतरी आंब्यांत साका, म्हणजे गर पांढरा आणि आंबट. सोसायटीत ते मीच विकले होते. शेजारचे शिंदे अजून चिडवतात, "काय हो, यंदा पण आतून पांढरेच का?"

सुमनने ते मनावर घेतलं. माहितगारांना विचारून युरिया कमी केला, शेणखत वाढवलं, झाडांना चुना दिला. फळ जरा लहान आलं. ती म्हणाली, "दादा, झाडाला काय खायला घातलं, ते अढीत कळतं."

आमच्याकडे पहिला आंबा देवापुढे अख्खाच ठेवतात, आधी कापून बघत नाहीत. आजही तसाच ठेवला, आतून कसा निघेल ते माहीत नसताना. आरती झाल्यावर शिंद्यांना बोलावलं आणि सुरी त्यांच्याच हातात दिली.

कोयीपर्यंत केशरी! फोड तोंडात टाकून शिंदे म्हणाले, "बहिणीला सांगा, एक पेटी माझी."

मी लगेच सुमनला फोन केला. ती म्हणाली, "एकाने काय कळतं दादा? अजून चार कापून बघ, मग पेटी दे."

अशी आहे माझी बहीण. चारही कापले, चारही स्वच्छ निघाले.

तुमच्यापैकी कोणाची बाग असेल तर सांगा, तुम्ही झाडांना काय घालता? सुमनला वाचून दाखवीन.