आमच्यांनी लिवलंय ते बघा

वडगावच्या इंदुताई नवऱ्याचं नाव घेत नसत. यात विशेष काही नाही; गल्लीतली त्यांच्या वयाची कुठलीच बाई घेत नाही. 'आमचे', 'मालक' एवढ्या दोन शब्दांवर अख्खा संसार झाला. उखाण्यापुरतं नाव तोंडात यायचं, आणि मारुतीराव गेल्यावर उखाणाही कुणी मागेना.

मारुतीराव यंत्रमागावर साड्या विणायचे. घरात मुखदुर्बळ, पण इंटरनेटवर मागवाल्यांचा एक मंच आहे, तिथं त्यांना वाचा फुटायची. कुणाचा आडवा धागा नेणारा धोटा अडला, कुणाच्या साडीचा काठ आवळून गोळा झाला, की हे लिहायला बसलेच. एवढं माझ्याशी बोलले असते तर काय झिजले असते, असं इंदुताई तेव्हा म्हणायच्या. आता त्याच रोज मंचावर जाऊन त्यांचं लिहिलेलं वाचतात. तेवढ्यानं भागतं असं नाही, पण दुसरं काय आहे?

मंचावर कुणी काही विचारलं की इंदुताईंचं उत्तर ठरलेलं. "आमच्यांनी दसऱ्याला लिवलंय, ते बघा." गल्लीत हे चालतं, तिथं सगळ्यांना सगळ्यांचे मालक ठाऊक. मंचावरच्या माणसांनी काय समजायचं? कुणाचे आमचे, आणि कुठला दसरा?

शहापूरचा युवराज मात्र शोधायला गेला. त्याच्या साड्यांचा काठ गोळा होत होता. दसऱ्याच्या सुमाराचं कुणा भरमूचं लिखाण त्याला सापडलं, आणि हेच इंदुताईंचे मालक असं त्यानं धरलं. त्यातलं वाचून काठाच्या धाग्यांवरचं वजन त्यानं वाढवलं. धागे पटापट तुटले, मागावर चढवलेला उभ्या धाग्यांचा सगळा ताणा वाया गेला. मग त्यानं सगळ्यांसमोर लिहिलं, "इंदुताईंच्या मालकांचं ऐकलो आणि बसलो बोंबलत."

इंदुताई जेवत्या ताटावरून उठल्या. "जल्मात कुणाचं वाईट सांगितलं न्हाय त्या माणसानं, आणि मेल्यावर तेच्यावर ह्यो आळ?"

"आत्ती, मग सरळ लिंक द्या की," सून प्रियदर्शनी म्हणाली. तिनं मारुतीरावांची ती पोस्ट शोधून दिली. पोस्टच्या कोपऱ्यात तीन टिंबं असतात, ती दाबायची, लिंक कॉपी करायची, आपल्या उत्तरात बोट दाबून धरायचं आणि चिकटवायची. इंदुताईंनी चिकटवली. इंग्रजी अक्षरांचं लांबलचक शेपूट उमटलं. गुंडू नावाच्या एकानं लगेच खाली लिहिलं, "असल्या लिंका दाबू नकासा रं, खातं रिकामं हुतंय."

कुणीच दाबली नाही.

"आधी शब्द लिवायचं, आत्ती. कुणाचं हाय, कशाबद्दल हाय. मग तेवढं शब्द निवडून त्येंच्यावर लिंक चिकटवायची. दाबायच्या आधी माणसाला कळाय पायजे."

इंदुताईंनी लिहिलं, "इथं बघा."

"इथं म्हंजे कुठं?"

त्यांनी ते पुसलं आणि लिहिलं, "आमच्यांनी लिवलेलं बघा."

सुनेनं 'आमच्यांनी' या शब्दावर बोट ठेवलं.

इंदुताई उठल्या, गरज नसताना चहा टाकला, आणि तो न पिताच परत आल्या. मान राखायला म्हणून जे आयुष्यभर झाकलं, ते झाकल्यामुळंच आळ आला, हे त्यांना कळत होतं. बोट मात्र हलत नव्हतं. लिहिताना प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणायची त्यांची सवय. "मा... रु..." एवढं म्हणून त्या थांबल्या. प्रियदर्शनीनं फोन घ्यायला हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. "मी लिवतो, थांब," म्हणाल्या.

'साडीचा काठ गोळा होत असंल तर वडगावच्या मारुतीरावांनी सांगितलेला उपाय.' अक्षरं निळी झाली. खात्री करायला त्यांनी स्वतःच दाबून बघितलं. उघडलं ते मारुतीरावांचंच होतं. "काठावरचं वजन आधी उतरवा. घाई नको. चिडलेल्या माणसानं मागाला हात लावू नये."

त्याच आठवड्यात युवराजचं उत्तर आलं. "आक्का, चुकलं माझं. दुसऱ्याचंच वाचलतो. नवा ताणा चढवला, वजन उतरवलं, काठ सरळ आला. मारुतीआण्णांना माझा नमस्कार सांगा."

मारुतीराव गेले, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. इंदुताईंनीही कळवलं नाही. त्या आतल्या खोलीत गेल्या, फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो मारुतीराव, शापूरच्या युवराजनं नमस्कार सांगितलाय."