चार बोटांची बाही

ब्लाउजकाकू कुणाला आधी नाव विचारायच्या नाहीत, हात वर करायला लावायच्या. गळ्यातली टेप छातीभोवती फिरली, आकडा वहीत उतरला, की मग जर्मन ढंगात "आल्झो, तर मग, कोण तू?" जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमधल्या मराठी बायकांचे ब्लाउज गणपतीआधी त्यांच्याच टेबलावर येऊन पडत. काकू मूळच्या व्हिएतनामच्या. पूर्व जर्मनीतल्या कापड कारखान्यात कंत्राटावर आल्या. कारखाना बुडाला, काकू तरल्या. 'ब्लाउजकाकू' हे नाव आम्हीच दिलेलं, आणि त्या त्याला ओ द्यायच्या.

त्यांच्या दुकानाच्या काचेत एक लहानसा पिवळा सदरा टांगलेला असे. उजवी बाही पूर्ण, डावी जेमतेम चार बोटांची. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी शहाणपणा केला, "काकू, हा अर्धवट राहिलाय."

"पूर्ण आहे. मुलगी अशी जन्मली."

मुलगी म्हणजे त्यांच्या भावाची नात. भाऊ युद्धात ट्रक चालवायचा. झाडांची पानं झडावीत, माणसांना लपायला जागा उरू नये म्हणून अमेरिकी विमानांनी जंगलावर तणनाशक फवारलं. त्यात डायॉक्सिन होतं. ते भावाच्या अंगावर पडलं, तिथलंच पाणी तो प्यायला. नात जन्मली ती युद्ध संपून कित्येक वर्षांनी. विष बनवणाऱ्या कंपन्या अजून म्हणतात, सिद्ध करा. "युद्ध संपलं म्हणे," काकू सुई ओवता ओवता म्हणायच्या, "माझ्या वहीत नाही संपलं." दर वर्षी गावाहून नवं माप यायचं. काकू दोन सदरे शिवायच्या, एक तिला, एक काचेला.

मी तेव्हा युद्धाविरुद्ध पत्रकं लिहायचे. गुन्हेगार, साम्राज्य, नरसंहार, सगळं एका पानात. एक गठ्ठा मोठ्या ऐटीत त्यांना दिला. पुढच्या आठवड्यात पाहते तर माझ्या संतापाच्या पाठकोऱ्या बाजूवर कुणाच्या तरी ब्लाउजच्या बाहीचा मुंढा आखलेला. "शब्द फार," काकू म्हणाल्या. "कागद चांगला."

मग शेजारच्या कॅफेवाल्यानं तक्रार केली, काचेतला सदरा बघून गिऱ्हाइकांना केक गोड लागत नाही. इमारत सांभाळणाऱ्या हाउसफेरवाल्टुंगचं पत्र आलं: सदरा काढा, नाहीतर दुकानाचा करार वाढणार नाही. मी तिथेच चार पानी उत्तर लिहायला बसले. काकूंनी माझ्या हातातलं पेन काढून टेप दिली.

"माप घे."

"कुणाचं?"

"सदऱ्याचं. मोठ्यानं वाच."

छाती, खांदा, उजवी बाही. डावीपाशी मी थांबले.

"थांबू नकोस. तिला कुठे थांबता येतं?"

मी मापं कागदावर उतरवली. काकूंनी खाली एकच ओळ घालायला लावली: 'हे माप तणनाशकानं घेतलं.' तो कागद सदऱ्याखाली लागला. माझ्या आयुष्यात लोकांनी थांबून वाचलेलं ते पहिलं पत्रक. मराठी मंडळातले एक काका म्हणाले, "अहो काकू, एवढ्याशा सदऱ्यासाठी दुकान घालवणार?" काकू म्हणाल्या, "दुकान माझं, हात तिचा. तुम्हीच सांगा, आधी कोण?" काकांनी बायकोचे ब्लाउज उचलले आणि गेले.

करार वाढला नाही. शेवटच्या दिवशी सगळं सामान गाडीत गेलं तरी सदरा काचेत होता. किल्ली देण्याच्या क्षणी काकूंनी तो उतरवला आणि माझ्या हातात ठेवला, सोबत टेप. त्या भावाच्या गावी परतल्या. निरोपाला मी रडू लागले तर म्हणाल्या, "आधी काजं करायला शीक."

आता दर शनिवारी पादचारी रस्त्यावर माझं टेबल लागतं. पत्रकं नाहीत. सदरा आणि मापाचा कागद. कुणी तरी विचारतंच, इतक्या जुन्या लढाईचं आता काय? मी मोबाइल पुढे करते. परवाच काकूंचा मेसेज आलाय: छाती वाढली, उंची वाढली, डावी बाही तेवढीच.

यंदाचे दोन्ही सदरे मी शिवलेत. डावी बाही दोनदा वाकडी बसली. दोनदा उसवली. तिसऱ्यांदा बसली.