चाळीस दिवसांचा शब्द

भगवंतराव माळी मला पहिल्यांदा दिसले ते तेल्हाऱ्याच्या शाळेच्या खिडकीत; मी तिथे मास्तर होतो. हातात विलायती बियांचं पाकीट होतं. त्यावरच्या ‘कॅबेज’ शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हा मुळात कोठून आला? मी कोश पाहून सांगितलं, डोक्यासाठी एक जुना शब्द होता, त्यावरून.

“बरोबर हाय. डोकंच तर दिसते,” ते म्हणाले.

पुढे दर बाजाराला एक शब्द विचारून जात. शब्दाचं मूळ कळलं की ती गोष्ट कशी वागेल तेही कळतं, अशी त्यांची समजूत झाली. मला ती गोड वाटायची, म्हणून मी कधी खोडली नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर गावात उंदीर मरून पडू लागले, म्हणजे प्लेग आला. रिवाजाप्रमाणे सारं गाव उठून शेतांत झोपड्या घालून राहिलं. वेशीवर इंग्रजी नोटीस लागली: क्वारंटाईन, दहा दिवस. भगवंतरावांनी याही शब्दाचं मूळ विचारलं. परमुलखातल्या एका बंदरात साथीच्या मुलखातून आलेली जहाजं चाळीस दिवस अडवत, त्या चाळिसावरून तो आला, असं मी सांगितलं. तेव्हापासून ते झोपडीच्या मेढीवर रोज कोळशाची एक रेघ ओढू लागले.

अकराव्या दिवशी लोक परतू लागले. जाता जाता शेजारच्या किसनरावांनी टोमणा मारला, की साहेब दहा म्हणतो आणि आमचा माळी चाळीस. भगवंतराव हलले नाहीत. पण कांद्याचं बी घरातच राहिलं होतं, आढ्याला टांगलेल्या वाळक्या भोपळ्यात, आणि रोप टाकायचे दिवस सरत होते. शाळा उघडली नव्हती, म्हणून मीही अजून शेतातच होतो. सतराव्या दिवशी त्यांची बायको मैनाबाई माझ्या झोपडीशी आली.

“मास्तर, शबदात चाळीस हायत. रोगात किती हायत?”

मला ठाऊक नाही, मी म्हणालो. ते खरंच होतं.

“मंग मी घरून बी आनतो,” ती म्हणाली.

दुपारी भोपळा घेऊन आली. घर चांगलं आहे म्हणाली. चुलीमागं एकच उंदीर होता, तो शेपटीला धरून फेकला. त्यानंतर चौथ्या दिवशी तिच्या काखेत गाठ आली. मेढीवरच्या तेविसाव्या रेघेच्या दिवशी ती वारली.

त्याला आता कित्येक वर्षं झाली, पण भगवंतराव अजून शेतातच राहतात. सत्तरी उलटली आहे. भाकरी स्वतःच थापतात.